शहराची रोजकीर्द लिहिणारा शिक्षक
(गोविंद नारायण माडगावकर आणि त्यांचे 'मुंबईचे वर्णन')

व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवस मावळताना रोजकीर्द लिहिली जाते. काय आले, काय गेले, कोणाचे येणे, कोणाचे देणे, हे त्याच दिवशी कागदावर उतरले नाही तर दुसऱ्या दिवशी स्मरणावर विसंबावे लागते; आणि नुसत्या स्मरणावर चाललेली पेढी फार काळ टिकत नाही, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे. जो नियम पेढीला, तोच गावाला लागू पडतो. गाव वाढते, रस्ते बदलतात, जुने वाडे पडतात, नवे बाजार उभे राहतात. हे घडत असताना कोणी तरी ते टिपून ठेवले, तर पुढच्या पिढीला हिशेब लागतो. एरवी उरतात त्या केवळ ऐकीव गोष्टी.

मुंबईसारख्या महानगराचे असे टिपण मराठी भाषेत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षकाने करून ठेवले. त्यांचे नाव गोविंद नारायण माडगावकर आणि त्यांच्या ग्रंथाचे नाव 'मुंबईचे वर्णन'. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ भारतीय भाषांतील मुंबईचे पहिले सविस्तर वर्णन मानला जातो. माडगावकर इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, सरकारी दप्तराचे अधिकारी नव्हते, कोणा संस्थानिकाचे आश्रित बखरकारही नव्हते. ज्या शहरात आयुष्य गेले त्या शहराविषयीचे अपार कुतूहल, एवढेच त्यांचे भांडवल होते.

बडनेऱ्याच्या वाचकाला मुंबईच्या या जुन्या ग्रंथाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु माडगावकर ज्या मुंबईचे वर्णन करीत होते, त्या मुंबईच्या वैभवात वऱ्हाडच्या कापसाचा वाटा होता. आणि दुसरे असे की, एका सामान्य माणसाने आपल्या गावाचा इतिहास कसा लिहावा, याचा वस्तुपाठच या ग्रंथात आहे. बडनेऱ्याला आज त्या वस्तुपाठाची नितांत गरज आहे.

गोव्याहून आलेला मुलगा

गोविंद नारायण यांचा जन्म १८१५ चा. त्यांचे घराणे गोव्यातील मडगावचे. आडनावही त्यावरूनच पडलेले. १८२४ मध्ये, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, ते मुंबईस आले. त्या वेळी पेशवाई बुडून अवघी सहा वर्षे झाली होती. मुंबईत तेव्हा रेल्वे नव्हती, कापडाची गिरणी नव्हती, विद्यापीठ नव्हते. मराठी वृत्तपत्रही नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले ते १८३२ मध्ये. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापिली ती १८५४ मध्ये, आणि मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ मध्ये. हे सारे या मुलाच्या डोळ्यांदेखत घडले.

मोठेपणी त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेल्या एका नामांकित शाळेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. लोकांना उपयोगी पडतील अशी छोटी छोटी मराठी पुस्तके लिहिणे हा त्यांचा छंद होता. त्यांपैकी एकाचे नाव 'ऋणनिषेधक बोध' असे आहे. कर्जाच्या नादी लागू नये हे सांगणारा हा शिक्षक पुढे ज्या मुंबईचे चित्र रेखाटणार होता, ती मुंबई लवकरच उधारीच्या आणि सट्ट्याच्या महापुरात बुडणार होती, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

ग्रंथात काय आहे?

पूर्वीच्या काळी इतिहास म्हणजे राजांचा वंशवृक्ष, लढाया आणि तह अशी समजूत होती. माडगावकरांनी ही चौकट मोडली. मुंबईचे नाव कसे पडले, पोर्तुगीज आणि इंग्रज कसे आले, हे त्यांनी सांगितलेच; परंतु ते तेथे थांबले नाहीत. शहरातील वस्त्या, रस्ते, तळी, देवळे, बाजार, निरनिराळ्या जातींचे आणि धर्मांचे लोक, त्यांचे सण-उत्सव, शाळा, छापखाने, व्यापार, रेल्वे या सर्वांना त्यांनी आपल्या ग्रंथात स्थान दिले. राजवाड्यापेक्षा बाजाराकडे आणि सेनापतीपेक्षा रस्त्यावरच्या माणसाकडे पाहणारी ही दृष्टी त्या काळात नवी होती.

कुतूहल सर्वांनाच असते. पण ते बहुधा गप्पांत विरून जाते. माडगावकरांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी कुतूहलाला शिस्त लावली. जे पाहिले ते लिहिले, जे वडीलधाऱ्यांकडून ऐकले तेही लिहिले. शिक्षकी पेशामुळे समजावून सांगण्याची हातोटी त्यांच्या अंगी होती. त्यामुळे गावाकडून नव्याने मुंबईस आलेल्या माणसालाही हा ग्रंथ वाटाड्या वाटावा, अशी त्याची मांडणी आहे.

आंदणात गेलेली दोन गावे

मुंबईच्या इतिहासातील एक गोष्ट बडनेरेकरांनी मुद्दाम ध्यानी घ्यावी अशी आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे मिळून आजची मूळ मुंबई झाली. ही बेटे पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी विवाह ठरला, त्या करारान्वये मुंबई इंग्रज राजाला आंदण म्हणून मिळाली. राजाला या दूरच्या बेटांचे ओझेच वाटले असावे. १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक अवघ्या दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविली. जगाच्या व्यापारी इतिहासात याहून स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

आता आपल्या गावाकडे वळू. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये बडनेऱ्याचा उल्लेख 'बडनेरा बीबी' या नावानेही आढळतो. हे गाव एका राजकन्येला आंदण म्हणून दिले गेले, म्हणून त्याला 'बीबी' हे पद चिकटले, अशी परंपरा तेथे नोंदलेली आहे. १८२२ मध्ये हे गाव लुटले जाऊन अंशतः उद्ध्वस्त झाल्याचाही उल्लेख तेथेच मिळतो.

मुंबईही आंदणात गेली आणि बडनेराही. परंतु मुंबईच्या आंदणाची गोष्ट शाळेतील मुलालाही ठाऊक असते, आणि 'बडनेरा बीबी' हे नाव जुन्या वस्तीत राहणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. घटना दोन्हीकडे घडल्या. फरक पडला तो लिहिणाऱ्यांमुळे. मुंबईला माडगावकर मिळाले आणि त्यांच्यानंतरही अनेक जण मिळाले. बडनेऱ्याच्या वाट्याला गॅझेटियरमधील चार ओळी आल्या, त्याही परक्या अधिकाऱ्याने इंग्रजीत लिहिलेल्या.

वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईचे दिवस

'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले ते १८६३ हे वर्ष व्यापाराच्या इतिहासात अविस्मरणीय आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस दक्षिण अमेरिकी प्रांतांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केल्यामुळे तो थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी भारताकडे हात पसरले. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव भराभर चढत गेले. भाव असे चढले की, लोकांनी गाद्या-उशांतील कापूस काढून विकल्याच्या कथा पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या.

हा कापूस काही मुंबईत पिकत नव्हता. तो गुजरातेतून, खानदेशातून आणि आपल्या वऱ्हाडातून येत होता. वऱ्हाडच्या कापसाने मुंबईची वाट धरली त्याचीही एक कथा आहे. पूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर मिर्झापूरला आणि तेथून कलकत्त्याला जाई. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने मिर्झापूरच्या वाटेने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याला रवाना केला, असे गॅझेटियर सांगते. मुंबईकडे वऱ्हाडचा कापूस प्रथम पाठविण्याचे श्रेय विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापारी बंधूंना दिले जाते. १८२५-२६ मध्ये त्यांनी पाचशे बैलांवर सुमारे १,२०,००० पौंड रुई मुंबईस नेली. त्या मालाची किंमत २५,००० रुपये झाली, अशी नोंद आहे. पाचशे बैलांचा तो तांडा घाट उतरून समुद्राकाठी पोहोचेपर्यंत किती दिवस लागले असतील, वाटेत पावसापासून आणि लुटारूंपासून माल कसा राखला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

माडगावकरांचा ग्रंथ निघाला तेव्हा बडनेऱ्यात रेल्वे आलेली नव्हती. थळ घाट ओलांडून रेल्वे इगतपुरीपर्यंत आली ती १८६५ मध्ये, आणि भुसावळ-बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये. पुढे १८७१ मध्ये बडनेरा-अमरावती ही सहा मैलांची शाखा सुरू झाली. या लोहमार्गाने गावाचे रूप पालटले. रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती राहिली आणि दुसऱ्या अंगाला नवी वस्ती उभी राहिली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापसाची गिरणी आली, देशोदेशीचे व्यापारी आणि कामगार आले. बैलांचे तांडे इतिहासजमा झाले आणि मुंबई बडनेऱ्यापासून रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर आली. व्यापाराच्या निमित्ताने येथे येऊन स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचा इतिहास याच रुळांवरून चालत आलेला आहे.

माडगावकरांच्या काळातील जैन श्रेष्ठी

माडगावकरांच्या डोळ्यांसमोरच्या मुंबईत जैन समाजाचे स्थान मोठे होते, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. मुंबईच्या कोटात, म्हणजे तटबंदीच्या आत, फेब्रुवारी १८०३ मध्ये भीषण आग लागली आणि शेकडो घरे भस्मसात झाली. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती मोठ्या प्रमाणावर तटाबाहेर सरकली. ज्या भागात समुद्राच्या खाडीतून येताना लोकांना पाय धुवावे लागत, म्हणून ज्याला पायधुनी म्हणतात, त्या भागात १८१२ मध्ये गोडीजी पार्श्वनाथाचे मंदिर प्रतिष्ठित झाले. आज मुंबईच्या मध्यभागी मोडणारी ही जागा एके काळी पाणथळीच्या काठावर होती, हे तिचे नावच सांगते.

शेठ मोतीशा, म्हणजेच मोतीचंद अमीचंद, हे त्या पिढीतील थोर नाव. जहाजांच्या व्यापारात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली आणि ती धर्मकार्यात खर्च केली. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक ही त्यांची स्मारके सर्वश्रुत आहेत. त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू मुंबईच्या नागरी इतिहासाशी निगडित आहे. १८३२ मध्ये रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईची पांजरापोळ स्थापन केली. एक जैन आणि एक पारशी यांनी मिळून मुक्या प्राण्यांसाठी उभारलेली ही संस्था आजही शहराच्या मध्यभागी टिकून आहे.

माडगावकर ग्रंथ लिहीत होते तेव्हा मुंबईच्या बाजारावर शेठ प्रेमचंद रायचंद यांची छाप होती. सुरतेत १८३१ मध्ये जन्मलेले हे जैन गृहस्थ कापसाच्या आणि शेअरच्या व्यवहाराचे अनभिषिक्त राजे होते. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव मनोऱ्यास द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत कटाक्षाने पाळीत; घड्याळाचे टोले ऐकून त्यांना वेळ कळावी हा मुलाचा हेतू होता, अशी आख्यायिका सांगितली जाते. मनोरा पूर्ण झाला तो १८७८ मध्ये.

जे लिहिले तेवढेच उरले

१ फेब्रुवारी १८६४ रोजी मुंबईची पहिली मोठी खानेसुमारी झाली, तीत ८,१६,५६२ लोक मोजले गेले. कापसाच्या लाटेवर देशभरातून माणसे शहरात लोटली होती. नवनव्या कंपन्या, बँका, समुद्र हटविण्याच्या योजना निघत होत्या आणि त्यांचे शेअर हातोहात खपत होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडण्याचे काम सुरू झाले. माडगावकरांनी ज्या तटाच्या आत-बाहेर आयुष्य काढले तो तट, ते दरवाजे आणि तो खंदक पाहता पाहता दिसेनासे झाले. चर्चगेट हे नाव आज लाखो प्रवाशांच्या तोंडी असते. पण तेथे एके काळी खरोखरच तटाचा दरवाजा होता, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? बाजारगेटचेही तसेच. दरवाजे गेले, नावे राहिली. नावामागची वास्तू जाणण्यासाठी माडगावकरांसारख्या माणसांचे लेखनच उपयोगी पडते.

१८६५ हे वर्ष मुंबईसाठी दुर्दैवाचे ठरले. फेब्रुवारीत माडगावकर निवर्तले. वय अवघे पन्नाशीचे. एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईच्या बाजाराचे दिवाळे वाजले. मातब्बर पेढ्या बसल्या, बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंद यांचाही डोलारा कोसळला. जुलैअखेरीस मुंबईचे लोकनेते नाना शंकरशेट यांचेही निधन झाले. १८७२ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली; म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांनी घट झाली.

माडगावकरांनी १८६३ ऐवजी आणखी तीन-चार वर्षे थांबून ग्रंथ लिहायचे ठरविले असते, तर तो लिहिलाच गेला नसता. कारण लेखकच राहिला नसता. आणि त्यांच्या पश्चात दुसऱ्याने लिहायला घेतला असता, तर त्याला तटबंदी दिसली नसती, दरवाजे दिसले नसते, ऐन भरातला तो बाजारही दिसला नसता. 'सवडीने लिहू' असे म्हणत राहणाऱ्या प्रत्येकाने या तारखा मनाशी घोळवाव्यात अशा आहेत.

गुणांबरोबर मर्यादाही

कोणत्याही ग्रंथाचे मूल्यमापन करताना जमेबरोबर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. माडगावकर इंग्रजी राज्याची मुक्तकंठाने स्तुती करतात. १८५७ चा उठाव मोडून पडल्यानंतरच्या काळात, मिशनऱ्यांच्या शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाकडून ते अपेक्षितही होते. त्या राज्याने येथील कारागिरांचे काय केले, येथून गेलेल्या कापसाचे विलायती कापड होऊन ते परत येथेच विकले जाते याचा अर्थ काय, हे प्रश्न पुढच्या पिढीतील दादाभाई नौरोजींसारख्यांनी विचारले. काही ठिकाणी ऐकीव गोष्ट आणि प्रत्यक्ष पुरावा यांत माडगावकर आजच्या संशोधकाइतका काटेकोर भेद करीत नाहीत. त्यांचा उपदेशकाचा सूरही अधूनमधून डोकावतो.

परंतु या मर्यादा मान्य करूनही ग्रंथाचे मोल कमी होत नाही. लेखकाची मते कालबाह्य होऊ शकतात. त्याने केलेल्या नोंदी मात्र होत नाहीत. जुन्या खतावणीतील मुनीमजींची मते काय होती याला आज महत्त्व नसते. त्या वर्षी मांजरपाट कोणत्या भावाने विकला गेला, याला असते.

एका दिव्यावर दुसरा दिवा

माडगावकरांनी लावलेली वात विझली नाही. १८८९ मध्ये बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांनी 'मुंबईचा वृत्तांत' हा मराठी ग्रंथ सिद्ध केला. मूळचे गोव्याचेच असलेले डॉ. जर्सन द कुन्हा हे पेशाने वैद्य. त्यांचा मुंबईच्या उगमावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणी व्यवसाय आणि सार्वजनिक जीवन यांत वावरलेले सर दिनशा वाच्छा यांनी १९२० मध्ये आपल्या जुन्या मुंबईच्या आठवणी ग्रंथरूपाने दिल्या. शिक्षक, वैद्य, व्यवहारात मुरलेला गृहस्थ. यांपैकी इतिहास हा कोणाचाच पोटापाण्याचा उद्योग नव्हता. आपापला व्यवसाय सांभाळून त्यांनी ही सेवा केली.

स्वतः माडगावकरांचा ग्रंथ मध्यंतरी दुर्मिळ झाला होता. १९६१ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने न. र. फाटक यांच्या संपादनाखाली तो पुन्हा प्रसिद्ध केला. त्यानंतर २००८ मध्ये मुरली रंगनाथन यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि एका मराठी शिक्षकाचे परिश्रम जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. प्रकाशनानंतर जवळपास दीड शतकाने एखादा ग्रंथ पुन्हा नव्याने वाचला जावा, यापरते लेखकाचे भाग्य कोणते?

बडनेऱ्याचे वर्णन कोण लिहिणार?

वऱ्हाडालाही ही परंपरा अपरिचित नाही. बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' लिहून या प्रांतावर मोठे उपकार केले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी निष्ठेने लिहिलेल्या दैनंदिनी आज इतिहासाचे साधन म्हणून वापरल्या जातात. कारंजा येथील भांडारांत पिढ्यान् पिढ्या जपलेल्या हस्तलिखितांचे उदाहरण तर आपल्या घरचेच. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांतील अपभ्रंश ग्रंथ संपादित करून प्रकाशात आणले. षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला तोही अमरावतीहूनच. ज्यांनी त्या पोथ्या वाळवीपासून आणि ओलीपासून जपल्या, त्या अनाम श्रावकांनी आपण इतिहास जपत आहोत असा विचारही केला नसेल. त्यांनी केवळ वेष्टन बांधून पोथी जागच्या जागी ठेवली. पण तेवढ्याने शतकांचे अंतर ओलांडले गेले.

बडनेऱ्याची गोष्ट निराळी आहे. या गावाला स्वतःची नगरपालिका होती. १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका स्थापन झाली आणि बडनेरा तिच्यात विलीन झाले. सोयीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र एखादे गाव मोठ्या शहराचा भाग बनते तेव्हा त्याचा स्वतंत्र इतिहास मोठ्या शहराच्या इतिहासात हळूहळू विरघळून जातो. परळ, माझगाव, माहीम यांचेही असेच झाले असते; पण त्यांची आठवण लिहून ठेवणारे निघाले. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीची, नव्या वस्तीची, स्टेशनाच्या, गिरणीच्या, बाजाराच्या आणि देवस्थानांच्या आठवणी आज काही वृद्धांच्या मनात आहेत. त्या कागदावर उतरल्या नाहीत तर पुढील पंचवीस वर्षांनी त्या सांगायला कोणी उरणार नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

या कामासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. साधने आपल्या घरांतच आहेत. लाल कापडात बांधलेल्या जुन्या बह्या, रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या, रेल्वेच्या पावत्या, आडतीचे कागद, लग्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्ते, पाठीमागे नावे न लिहिलेली छायाचित्रे; ही सारी इतिहासाची साधने होत. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी त्यांतील काही रद्दीत जातात. एका जुन्या बहीत त्या वर्षीचा कापसाचा भाव, कापडाचे दर, दुष्काळातील उधारी, कोणत्या गावचे गिऱ्हाईक बैलगाडीने येत असे, धर्मादायाला किती काढले, हे सर्व तारीखवार असते. राजांच्या बखरी लिहिणाऱ्यांनाही इतका अस्सल पुरावा लाभला नव्हता. व्यापारी समाजाने पिढ्यान् पिढ्या सर्वाधिक लिहिले ते बह्यांत, आणि सर्वाधिक नष्ट केले तेही बह्यांच्याच रूपाने.

घरातील ज्येष्ठांजवळ तासभर बसून त्यांचे बालपण विचारावे आणि नातवंडांनी ते उतरवून घ्यावे. छायाचित्राच्या पाठीमागे व्यक्तींची नावे आणि वर्ष लिहावे. रद्दी काढण्यापूर्वी एकदा जुनी बही उघडून पाहावी. मंदिराच्या शिलालेखांची, पाट्यांची आणि देणगीफलकांची नक्कल करून ठेवावी. कारण जीर्णोद्धारात जुने फलक बहुधा पहिल्यांदा निघतात. एवढे झाले तरी 'बडनेऱ्याचे वर्णन' लिहिणाऱ्या उद्याच्या माडगावकरांसाठी सामग्री तयार राहील.

गोविंद नारायण माडगावकर यांच्याजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, संशोधनाची साधनेही जेमतेमच होती. ज्यांनी मुंबईत लाखो रुपये मिळविले त्यांपैकी अनेकांची नावे १ जुलै १८६५ च्या संध्याकाळी पुसली गेली. ज्याने केवळ आपल्या शहराकडे डोळे उघडे ठेवून पाहिले आणि वेळेवर लिहून ठेवले, त्या शिक्षकाचे नाव मात्र टिकले. त्याच्या आधारावरच त्या बुडालेल्यांचे वैभवही आज आपल्याला कळते.

पेढीवर दिवा लागण्याच्या वेळी रोजकीर्द पूर्ण करण्याचा आपला कुलाचार आहे. गावाच्या रोजकीर्दीची पाने मात्र बरीच कोरी राहिली आहेत. ज्यांच्या स्मरणात मजकूर आहे ते आपल्यात आहेत तोवर ती भरून काढावीत, हीच नम्र अपेक्षा.